पाढे म्हणणाऱ्या आजी आणि सहा महिन्यांचा दाखला

उत्तर अमेरिकेतल्या सर्व महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीस,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची मिरजेची. गेली २२ वर्षं न्यू जर्सीत नर्स आहे, त्यातली ११ हॉस्पिसमध्ये. आमचं काम घरोघरी जाऊन करायचं. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशांच्या वेदना कमी करायच्या, जखमा धुवायच्या, औषधं कशी द्यायची ते घरच्यांना शिकवायचं, आणि अपरात्री फोन आला की गाडी काढायची. गणपतीला, दिवाळीच्या फराळाला तुमच्यापैकी अनेकांशी गाठ पडते. 'मी हॉस्पिसमध्ये असते' म्हटलं की समोरच्याचा आवाज खाली येतो, हेही मला सवयीचं झालंय. आज त्याच विषयावर तुमच्याशी मोठ्याने बोलायचं आहे.

एका आजींची गोष्ट आधी सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. वय ८६. उभा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेलेला. इथे लेकीकडे राहायच्या. डायनिंग टेबल गराजमध्ये हलवून त्या जागी हॉस्पिसने दिलेला पलंग लावला होता. स्मृतिभ्रंश शेवटच्या टप्प्यात पोचलेला. चालणं बंद होऊन वर्ष उलटलं होतं, लेकीला नावाने हाक मारून त्याहून जास्त. पण हातावर थोपटत कुणी ताल धरला की आजी सुरू व्हायच्या: "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा..." थेट बे दाहे वीसपर्यंत, एकही चूक नाही. मग पुन्हा डोळे मिटून गप्प. तहान लागलीय, पाठ दुखतेय, अंथरूण ओलं झालंय, यातलं काहीही त्यांना सांगता यायचं नाही.

हॉस्पिसमध्ये सहा महिने होत आले की डॉक्टरने किंवा नर्स प्रॅक्टिशनरने समक्ष येऊन तपासायचं आणि रुग्ण अजून पात्र आहे का ते लिहायचं, असा मेडिकेअरचा, म्हणजे इथल्या वयस्कांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, नियम आहे. त्या दिवशी माझी सुट्टी होती. आलेल्या बाईंनी फोनवर मराठी दुभाषी मागितला, मिळाला हिंदीचा. लेक कामावर, घरी तासांवर ठेवलेली मदतनीस. बाईंनी आजींचा हात हातात घेऊन थोपटला आणि आजींनी पाढा धरला. दुभाष्याने सांगितलं, काहीतरी हिशेबाचं बोलतायत. अहवालात आलं: रुग्ण स्वतःच्या भाषेत सलग बोलते.

हे एक वाक्य एवढं महागात का पडलं, तर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी जी मोजपट्टी लावतात तिच्यात सात पायऱ्या आहेत आणि हॉस्पिससाठी सातवी गाठावी लागते. दिवसभरात जेमतेम अर्धा डझन शब्द उरलेले असणं, आधाराशिवाय चालता न येणं, ही त्या पायरीची लक्षणं. शिवाय गेल्या वर्षभरात न्यूमोनिया, रक्तातला जंतुसंसर्ग, खोल गेलेले बेडसोअर किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटणं, असं काही तरी झालेलं असावं लागतं. लेकीने मऊभात भरवून भरवून आजींचं वजन टिकवलं होतं. तासातासाला कूस बदलून पाठीला एक जखम होऊ दिली नव्हती. तिची सेवाच कागदावर आईच्या विरोधात गेली.

आजींना हॉस्पिसमधून काढलं. सोमवारी पलंग न्यायला गाडी आली. लेकीने मला फोन केला: "ताई, आजारात घसरण दिसत नाही म्हणून काढलं म्हणतात. माझी आई बरी झालीय का हो?"

१७ दिवसांनी घास श्वासनलिकेत गेला. ९११, इमर्जन्सी, आयसीयू. नळ्या ओढू नयेत म्हणून आजींच्या दोन्ही हातांना गादीसारखे जाड मोजे बांधले होते. मी भेटायला गेले तेव्हा थोपटायला हातच मोकळा नव्हता. बाराव्या दिवशी त्या तिथेच गेल्या.

मी तेव्हा ज्या संस्थेत होते तिथे लेखी तक्रार केली. उत्तर आलं, सगळं नियमाप्रमाणे झालं आहे. ते खोटं नव्हतं. सगळं नियमाप्रमाणेच झालं होतं, आणि म्हणून हे पत्र मी त्या संस्थेला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

मेडिकेअरने हॉस्पिसचा खर्च उचलायचा कायदा १९८२ साली झाला. तेव्हा हॉस्पिसमध्ये येणारे बहुतेक कॅन्सरचे रुग्ण असत. आपल्याकडेही हॉस्पिस म्हटलं की जुन्या लोकांना मुंबईतलं १९८६ साली सुरू झालेलं शांती आवेदना सदन आठवतं, तेही कॅन्सरच्याच रुग्णांसाठी. कॅन्सरमध्ये शेवटचे काही महिने घसरण वेगाने होते, अंदाज बांधता येतो. म्हणून नियम ठरला: आजार त्याच्या वाटेने गेला तर आयुष्य सहा महिने किंवा कमी उरलंय, असं दोन डॉक्टरांनी लिहून द्यायचं. स्मृतिभ्रंश असा सरळ उतरत नाही. माणूस महिनोन्‌महिने एका जागी थबकतो, एका न्यूमोनियात खाली येतो, पुन्हा थबकतो. आज हॉस्पिसमधला साधारण प्रत्येक चौथा रुग्ण अशा आजाराचा आहे, आणि सहा महिन्यांची अट मात्र तीच. त्यात बहुसंख्य हॉस्पिस आता नफ्यासाठी चालतात. पैसे दिवसाच्या हिशेबाने मिळतात, पण मुक्काम लांबला की मेडिकेअर फाईल तपासायला मागतं. मग शंका आली की रुग्णाला सोडून देणं सोपं जातं. असं जिवंतपणी काढलं जाण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो रुग्णांत गोऱ्यांपेक्षा जास्त आहे.

आमच्याबरोबर एक जमैकाच्या बाई एड म्हणून काम करतात. रुग्णाला आंघोळ घालणं, कपडे बदलणं, ही सगळ्यात कष्टाची कामं त्यांची. आजींचं कळल्यावर जेवणाच्या सुट्टीत मी रडले. त्या बराच वेळ माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घरांत हे कायमचंच आहे. तू आज पहिल्यांदा बघितलंस." मला ते लागलं, कारण खरं होतं. मराठी घरांतून मी किती वेळा ऐकलंय की वंशभेद वगैरे हे 'त्यांचे' प्रश्न; आपण शिकलेली, टॅक्स भरणारी, चांगल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये घर घेतलेली माणसं. मीही तसंच समजत होते.

आता आकडे पाहा. मेडिकेअरवर असताना वारलेल्या गोऱ्या माणसांपैकी निम्म्याहून थोडे जास्त जण शेवटी हॉस्पिसमध्ये असतात. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई, तिघांचंही प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. आपण त्या 'आशियाई' रकान्यात आहोत. उलट आजाराचं ओझं बघायचं तर वयस्क कृष्णवर्णीयांमध्ये स्मृतिभ्रंश गोऱ्यांच्या साधारण दुप्पट आणि लॅटिनोंमध्ये दीडपट आढळतो. ज्यांच्या घरात हा आजार जास्त, त्यांच्याच घरी हॉस्पिस कमी पोचतं.

'त्यांना नको असतं,' 'त्यांची संस्कृतीच तशी,' हे उत्तर मी मीटिंगमध्ये शंभरदा ऐकलंय. नको का असतं, ते कुणी विचारत नाही. अलाबामातल्या टस्कीगीला १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना औषधाविना नुसतं बघत ठेवलं, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरसुद्धा. त्या माणसांची नातवंडं आज आपल्या आईच्या उशाशी बसलेली आहेत. कुणी पांढऱ्या कोटातलं येऊन 'आता उपचार थांबवू या' म्हणालं, तर त्यांनी कशावरून विश्वास ठेवायचा? आणि हे फार जुनंही नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधल्या पाहणीत गोऱ्या वस्तीतल्या ७२ टक्के औषध दुकानांत मॉर्फिनसारख्या औषधांचा पुरेसा साठा होता, बिगरगोऱ्या वस्तीत फक्त २५ टक्के दुकानांत. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासात निम्म्याच्या आसपास गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना कृष्णवर्णीयांच्या शरीराबद्दल कातडी जाड असते यांसारख्या एक ना एक खोट्या समजुती खऱ्या वाटत होत्या. ज्यांचं दुखणं आयुष्यभर खरं मानलं गेलं नाही, त्यांना 'शेवट सुखाचा करू' हे बोलणं पोकळ वाटणारच.

अन्नाचंही तसंच. स्मृतिभ्रंशाच्या शेवटी गिळणं बिघडतं, तेव्हा पोटातून नळी घालायची का हा प्रश्न येतो. नळीने आयुष्य वाढत नाही, न्यूमोनिया टळत नाही. म्हणून अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटीचा, म्हणजे वृद्धांच्या डॉक्टरांच्या संघटनेचा, सल्ला आहे की नळीपेक्षा हाताने, जमेल तितकं, मायेने भरवा. हा सल्ला सगळ्या घरांपर्यंत सारखा पोचलेला नाही. स्वतःच्या हाताने खाता न येणाऱ्या, आजार फार पुढे गेलेल्या नर्सिंग होममधल्या रुग्णांत २००० साली गोऱ्यांपैकी ८.६ टक्क्यांना नळी घातली जात होती, कृष्णवर्णीयांपैकी ३७.५ टक्क्यांना. २०१४ पर्यंत दोन्ही आकडे निम्म्याहून खाली आले, ३.१ आणि १७.५. मधली दरी मात्र मिटली नाही. आपल्या घरातही मला पहिला प्रश्न हाच येतो: "आईला उपाशी मारायचं का?" तो प्रश्न प्रेमातून येतो, आणि त्याला इंग्रजी माहितीपत्रकाने उत्तर देता येत नाही. चमच्याने पेज भरवताना डोकं किती उचलायचं, घसा वाजला की थांबायचं, जीभ कोरडी पडली की ओल्या बोळ्याने पुसायची, हे शेजारी बसून दाखवावं लागतं. मी दाखवते. पण मी एकटी किती घरांत पुरणार?

आता आपल्याच घरातली एक गोष्ट, जी मंडळांनी आधीच सांगायला हवी होती असं मला वाटतं. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेली आपली पहिली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. त्यांनी इथे नोकऱ्या केल्या, दहा वर्षांच्या म्हणजे ४० तिमाहींच्या कामावर त्यांचा मेडिकेअरचा पार्ट ए, म्हणजे मुख्यतः रुग्णालयाच्या खर्चाचा भाग, मोफत झाला, आणि हॉस्पिस पार्ट ए मध्येच येतं. पण मुलांनी ग्रीन कार्डवर आणलेल्या आईवडिलांचं काय? मुलांनी वर्षानुवर्षं भरलेला कर आईवडिलांच्या खात्यात धरत नाहीत. वय ६५ झालेलं असलं तरी ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं इथे राहिल्यावर त्यांना पार्ट ए विकत घेता येतो, आणि त्याचा हप्ता २०२५ साली दरमहा ५१८ डॉलर होता. अनेक घरं तो वाचवायला पार्ट ए घेतच नाहीत, फक्त पार्ट बी, म्हणजे मुख्यतः डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, घेतात. आजार वाढल्यावर एखाद्या रात्री मला विचारतात, तेव्हा मला सांगावं लागतं की मेडिकेअरकडून हॉस्पिसचा पलंग, औषधं, नर्स, काहीच मिळणार नाही. काही ना-नफा हॉस्पिस अशा रुग्णांना पदरमोड करून घेतात, पण विचारलं तरच. आणि आईला घेऊन आलेली ती सून किंवा मुलगी दिवसा घरून नोकरी करते, रात्री जागते, कुणालाही बोलत नाही, कारण 'आईचं करायला कंटाळली' असं मंडळात कुणी म्हणू नये.

भाषेचा मुद्दा मला सगळ्यात जिव्हाळ्याचा. या आजारात नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी जाते आणि आईकडून आलेली मागे उरते. चाळीस वर्षं इंग्रजीत लेक्चर दिलेले प्राध्यापक शेवटी फक्त कोल्हापुरी बोलतात. एक आजोबा सारखं म्हणायचे, "जीव घाबरा होतोय." दुभाष्याने सांगितलं, त्यांना भीती वाटतेय. चिंतेची गोळी लिहून दिली गेली. मी गेले तेव्हा त्यांचा श्वास उथळ चालला होता. पलंगाचं डोकं वर केलं, पंखा चेहऱ्याकडे वळवला, डॉक्टरांना फोन करून मॉर्फिनचे अगदी थोडे थेंब दिले, आणि अर्ध्या तासात आजोबा झोपले. तीन दिवस त्यांना दम लागत होता आणि ते स्वच्छ मराठीत सांगत होते.

कायदा यात आपल्या बाजूने आहे. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि २०१० च्या आरोग्य कायद्याचं कलम १५५७ यांमुळे सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाने आणि हॉस्पिसने दुभाषी फुकट द्यायचा असतो. तो घरच्यांनी आणायचा नसतो, नातवाला मध्ये घालायचं नसतं. मराठी मागितलं तर मराठी. 'सगळ्यांना हिंदी येतंच' असं म्हणून आपणच सोडून देतो, हे कृपा करून थांबवा. ऑक्टोबर २०२५ पासून हॉस्पिसमध्ये भरती करताना जो नवा सरकारी नमुना भरतात, त्यात पसंतीची भाषा आणि दुभाषी हवा का, हे विचारलेलं आहे. तिथे 'इंग्लिश' लिहून मोकळे होऊ नका. रुग्ण गेल्यावर घरच्यांना अनुभव विचारणारी जी प्रश्नावली मेडिकेअर पाठवायला लावतं, तीही स्पॅनिश, चिनी, व्हिएतनामी, कोरियन, रशियन, पोलिश, पोर्तुगीजमध्ये आहे, मराठीत नाही. त्या भाषांच्या माणसांनी मागितलं असणार. आपण मागितलेलं मला तरी आठवत नाही.

पाढे म्हणणाऱ्या आजींच्या लेकीने सही केलेला कागद मी नंतर पाहिला. हॉस्पिस बंद करण्याच्या निदान दोन दिवस आधी तो द्यावा लागतो, आणि त्यावर छापलेल्या नंबरला सेवा संपण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत फोन केला तर बाहेरची तटस्थ संस्था तातडीने फाईल तपासते. पाढे म्हणजे बोलणं नव्हे, हे तिथे कुणीतरी ऐकून घेतलं असतं. तिला वाटलं, पलंग परत केल्याची पावती आहे.

आता मागणं. प्रत्येक मंडळाने पाच-सात माणसांची एक तुकडी उभी करावी. मेडिकेअरच्या नियमाप्रमाणे हॉस्पिसला रुग्णसेवेच्या तासांपैकी निदान पाच टक्के तास स्वयंसेवकांकडून भरून घ्यावे लागतात, त्यामुळे त्यांना माणसं हवीच असतात आणि प्रशिक्षण तेच देतात. नाटकाच्या तालमीला आठवड्यातून तीन संध्याकाळी देणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांतल्या काहींनी एक संध्याकाळ एखाद्या आजींजवळ बसावं, म्हणजे लेकीला दोन तास झोप मिळेल. हॉस्पिसकडे सलग पाच दिवसांपर्यंत रुग्णाला ठेवून घेण्याची सोय असते, तेवढ्यात घरच्यांना दम खाता येतो, हेही त्यांनी घरोघरी सांगावं. ज्येष्ठांच्या मेळाव्यात योग आणि मृत्युपत्र यांच्या जोडीला पार्ट ए चा हिशेब आणि 'माझ्या वतीने कोण बोलेल' हा कागद ठेवावा, माणूस स्वतः बोलू शकतो तोवर.

दुसरं, आणि यासाठीच मी एवढं लिहिलं. दर वसंतात मेडिकेअर हॉस्पिसच्या पुढच्या वर्षाच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध करतं आणि साठ दिवस लोकांची मतं मागवतं. कुणीही लिहू शकतं. स्मृतिभ्रंशासाठी सहा महिन्यांची अट बदला, बोलण्याची परीक्षा रुग्णाच्या भाषेत घ्या, घोकलेलं आणि सांगितलेलं यांतला फरक नोंदवा, आकड्यांत सगळ्या आशियाईंना एका पोत्यात कोंबू नका, हे आपण लिहू या. पण एकट्याने लिहू नका. तुमच्या गावातल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जा, स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या केंद्रात जा, आधी ऐका. ही लढाई ते आपल्या कितीतरी आधीपासून लढताहेत आणि त्यांचं जास्त गेलंय. त्यांच्या पत्राखाली आपली सही असावी.

माझ्याकडे एक कागद आहे. ठणकतंय, कळ मारतेय, चमक येतेय, पोटात कालवतंय, उसण भरलीय, जीव घाबरा होतोय, घशाला कोरड पडलीय, कूस बदल, असे ६० शब्द, आणि समोर प्रत्येकाचा अर्थ नर्सला कळेल असा इंग्रजीत. रुग्णाच्या पलंगाला टाचणीने लावायला म्हणून मी तो केला. त्यात वऱ्हाडी, कोकणी, खानदेशी शब्द फार कमी आहेत, कारण मी मिरजेची. पुढच्या बैठकीत मला वीस मिनिटं द्या. शनिवार-रविवार कुठलाही चालेल, तीन तासांच्या अंतरातल्या कुठल्याही मंडळात मी स्वतः गाडीने येईन आणि तो कागद घेऊन येईन. तुमच्याकडचे शब्द तेवढे गोळा करून ठेवा.

आपली नम्र,
एक हॉस्पिस नर्स, न्यू जर्सी